कौन्सिलात हिशेब मागणारे बाबासाहेब



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना प्रथम त्रिवार वंदन करतो. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा तुम्हीही चार ओळी लिहा, असा मंडळातल्या पोरांनी आग्रह धरला. आम्ही सूतगिरणीत रिंग खात्यात उभं राहणारे कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते रात्रपाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून. त्यामुळे विद्वानांसारखं लिहिणं आमच्याकडून होणार नाही. जे वाचलं आणि जे पटलं ते सांगतो. चुकलं तर पदरात घ्या.

आपल्या कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने तो बसला, शेजारी महात्मा फुल्यांचा. आपण तिथून जाताना हात जोडतो. घटनेचे शिल्पकार म्हणतो, चवदार तळं म्हणतो, धम्मदीक्षा म्हणतो. हे सगळं खरंच आहे. पण याच बाबासाहेबांनी आयुष्याची दहा-बारा वर्षे मुंबईच्या कायदेमंडळात आमदारकी केली, सरकारी अधिकाऱ्यांपुढे उभं राहून पैशापैशाचा हिशेब मागितला, हे आपल्या घरात फारसं कुणी बोलत नाही. आज आम्ही त्या आमदार बाबासाहेबांची गोष्ट सांगणार आहोत.

पण सुरुवात कौन्सिलापासून नको, घरापासून करू. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, लहानपण साताऱ्यात, पुढे मुंबई. मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत हे कुटुंब राहायला आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तेव्हा १८९८ साली सरकारने हा ट्रस्ट काढला आणि त्याने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना जास्त सांगायला नको. अमेरिका आणि विलायत पाहून आलेला, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला माणूस या दोन खोल्यांत संसार आणि ग्रंथ दोन्ही सांभाळत होता. रमाईंनी इथेच काटकसरीचा संसार केला, लेकरं गमावली. दादरचं राजगृह फार नंतरचं, १९३० नंतरचं.

आणि ही चाळ तरी होती. १९१७ साली बडोदे संस्थानात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना. एवढा शिकलेला अधिकारी, पण जात आडवी आली. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला, तो या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. बडोद्याच्या सार्वजनिक बागेत एका झाडाखाली तो विद्वान माणूस डोळ्यांत पाणी घेऊन बसला. मंडळी, अर्ज टेबलावरून टेबलावर फिरणं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता त्यांची विद्या बघा. आपण त्यांना बॅरिस्टर म्हणून ओळखतो, पण मूळ अभ्यास सरकारच्या तिजोरीचा. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी आधी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यावर प्रबंध लिहिला, मग ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर. लंडनला डी.एस्सी. साठी लिहिलं ते रुपयाच्या प्रश्नावर. १९२५ साली चलनाच्या चौकशीसाठी सरकारने हिल्टन यंग कमिशन नेमलं, त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. म्हणजे कराचा पैसा येतो कुठून, जातो कुठे, कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या सोयीसाठी, हे ज्याला हातावरच्या रेषांसारखं पाठ, असा माणूस कौन्सिलात जाणार होता.

त्या आधीची दोन कामं सांगितली पाहिजेत. पहिलं आपल्या कोल्हापूरचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा राखल्या. १९१८ साली संस्थानातली महार वतनं रद्द करून वेठबिगारीचा फास सोडवला. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः तिथे आले. हाच तुमचा पुढारी, असं महाराजांनी आपल्या लोकांना सांगितलं. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. एक राजा होता त्याने आपल्या हुकमाने दिलं. पण ब्रिटिश मुलखात राजा नव्हता. तिथे होतं कौन्सिल, आणि कौन्सिलात मागावं लागायचं.

दुसरं काम रावबहादूर सीताराम केशव बोले यांचं. भंडारी समाजातला हा सुधारक आमदार. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठरावाचा मुद्दा अगदी सरळ होता. पैसा सगळ्यांचा, तर वस्तूही सगळ्यांची. पण ठराव कागदावर राहिला. तेव्हा ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हे पाळणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. नुसत्या उपदेशाने जे हलत नाही ते पैसा अडला की हलतं, हे त्या जुन्या माणसाने ओळखलं होतं.

अशा वेळी गव्हर्नरने बाबासाहेबांची मुंबई कौन्सिलवर नेमणूक केली आणि १९२७ च्या फेब्रुवारीत ते सभागृहात बसले. नेमणूक सरकारची. आपल्याकडे काय होतं, ज्याने खुर्ची दिली त्याची तळी उचलायची. बाबासाहेबांनी काय केलं बघा. २४ फेब्रुवारी १९२७ ला अंदाजपत्रकावर पहिलं भाषण, आणि पहिल्याच भाषणात सरकारच्या महसुलावर बोट. शहरात पगार घेणाऱ्याचं उत्पन्न एका ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर त्याला प्राप्तिकर माफ. मग एखादा एकर जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला सारा माफ का नाही? जमीन थोडी असो वा फार, पीक येवो न येवो, सारा भरायचाच, हा कुठला न्याय? हा प्रश्न त्यांनी एका जातीसाठी विचारला नव्हता. त्यात मराठा, माळी, धनगर, मुसलमान, सगळे छोटे शेतकरी आले.

पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, शिक्षणाच्या खर्चावर चर्चा होती. तिथे त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. या इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च होतो चौदा आणे आणि दारूच्या करातून माणशी गोळा होतात दोन रुपयांच्या वर. प्राथमिक शाळेत शंभर मुलं घातली तर त्यातली चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. या चालीने शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला चाळीस वर्षं लागतील आणि मुली यायला तीनशे वर्षं! तेव्हा निदान दारूतून जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणाला द्या, एवढी साधी मागणी. आम्ही हा भाग पहिल्यांदा वाचला ती रात्रपाळीची सकाळ होती. झोप उडाली. कुणाला शिवी नाही, रडगाणं नाही, नुसते आकडे. पण तीनशे वर्षं हा आकडा वाचून आमच्या आईचा अंगठा डोळ्यांपुढे आला.

आणि तारखा जुळवा. १२ मार्चला कौन्सिलात हे भाषण, २० मार्चला महाडला चवदार तळं. आठ दिवसांचं अंतर. महाडचं तळं नगरपालिकेचं होतं, बोले ठरावाप्रमाणे १९२४ साली नगरपालिकेने ते खुलं केल्याचा ठराव केला होता, पण पाणी घेण्याची कुणाची छाती नव्हती. म्हणजे महाडला बाबासाहेब सार्वजनिक पैशाच्या वस्तूवरचा आपला हक्क बजावायला गेले. कौन्सिलातलं काम आणि तळ्यावरचं काम ही एकाच कामाची दोन टोकं होती. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं!

कौन्सिलात प्रश्न विचारण्याची रीत अशी, की सभासदाने आधी लेखी सूचना द्यायची, सरकारी सभासदाने सभागृहात उत्तर द्यायचं, ते कागदावर यायचं आणि त्यावर पुन्हा उपप्रश्न विचारता यायचा. साहेबाला कचेरीत भेटायला गेलं तर साहेब नाहीत म्हणून शिपाई परत पाठवतो. सभागृहात मात्र साहेबाला नाही म्हणता येत नाही. लोकशाहीतलं हे हत्यार बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

१९२८ साली त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. १८७४ च्या त्या कायद्याखाली महाराने सरकारचं आणि गावाचं काम चोवीस तास करायचं, तो नसला तर घरच्याने करायचं, आणि त्याबद्दल वतनाचा जमिनीचा तुकडा व बलुतं. नोकर सरकारचा, तर पगार सरकारच्या तिजोरीतून का नाही, हा त्यांचा सवाल. पण बिलाची मोडतोड होऊ लागली आणि ते मागे घ्यावं लागलं. त्याच सुमारास गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. बाईच्या पोटातलं मूल हे साऱ्या देशाच्या हिताचं, म्हणून त्या खर्चाचा भार काही अंशी सरकारने उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सूतगिरणीत बाया कामाला आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला सरकारने स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, तीत बाबासाहेब होते. त्या काळात, ऑक्टोबर १९२९ मध्ये, ते चाळीसगावला उतरले. मोठे बॅरिस्टर, आमदार, सरकारी समितीचे सभासद. पण त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. मग टांगा भाड्याने घेतला आणि आपल्याच एका माणसाने हाकला, ज्याला हाकायचा सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर टांगा उधळला, बाबासाहेब खाली दगडांवर आपटले आणि पायाला जबर मार बसला. ज्या दुखण्याची चौकशी करायला गेले ते दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन आले. लोकांची परिस्थिती कचेरीत बसून कळत नाही, हे या एका प्रसंगातून समजतं.

पुढे गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. ते सारं आपल्याला माहीत आहे. पण त्याच १९३२ च्या ऑक्टोबरात ते कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या बिलावर बोलत होते, हे माहीत नसतं. गावाच्या हातात पैसा आणि सत्ता देताय, पण त्या पंचायतीत अस्पृश्यांना जागा नसेल तर ती सत्ता आमच्याच मानेवर बसेल, असा त्यांचा आक्षेप होता. आज ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत राखीव जागांवर आपल्या आयाबहिणी बसतात, तेव्हा हा आक्षेप किती दूरचा होता ते कळतं.

१९३७ साली बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या भायखळा-परळ भागातून निवडून आले. आता मत देणारे होते गिरणगावचे लोक. त्याच सप्टेंबरात त्यांनी कोकणातली खोती बंद करण्याचं बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी घेऊन कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. १९३८ च्या सप्टेंबरात औद्योगिक कलहाचं बिल आलं, कामगाराच्या संपावर बेड्या घालणारं. बाबासाहेब सभागृहात त्याविरुद्ध उभे राहिले. संप करणं म्हणजे आपल्या मर्जीनुसार काम न करण्याचं स्वातंत्र्य, तो गुन्हा ठरवाल तर माणूस गुलाम होईल, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. बिल मंजूर झालं. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला, कम्युनिस्टांशी मतभेद असूनही त्यांच्या खांद्याला खांदा लावून, एक दिवसाचा संप केला. आम्ही गिरणीतले, आम्हाला हे वाचून ऊर भरून येतो.

आता एक गंमत बघा. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. काल प्रश्न विचारणारा आज उत्तर देणाऱ्याच्या बाकावर. त्यांच्या खात्यातच सरकारचं मध्यवर्ती बांधकाम खातं होतं. खुर्ची मिळाली की माणूस प्रश्न विसरतो. बाबासाहेबांनी त्याच वर्षी व्हाइसरॉयला लेखी खलिता दिला आणि त्यात स्वतःच्याच बांधकाम खात्याच्या मान्य कंत्राटदारांची यादी उघडी केली. त्या लांबलचक यादीत अस्पृश्य एकच! सरकारचा पैसा कंत्राटातून वाटला जातो, त्यात आमचा वाटा कुठे, हा तो प्रश्न. नोकऱ्यांतही तेच. त्याच पाठपुराव्यातून १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत सव्वाआठ टक्क्यांच्या जवळपास जागा राखल्या गेल्या आणि आपली मुलं परदेशी शिकायला पाठवायला पैसा मंजूर झाला.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडे कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी निघाला. कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांची घरं, पाणी, दवाखाने, शाळा करायच्या. दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न आला, तर नुसता बंधारा नको, त्याच धरणातून शेतीला पाणी आणि वीजही निघावी, अशी योजना त्यांच्या खात्यात आकाराला आली. पुढे १९४८ साली त्याचं महामंडळ झालं. परळच्या चाळीत नळावर रांगेत राहिलेल्या माणसाने देशाच्या पाण्याचं नियोजन केलं, बाबांनो!

घटना लिहितानाही त्यांना तिजोरीचा विसर पडला नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे सरकारच्या खर्चाची तपासणी करणारा अधिकारी. मे १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं, की घटनेतला बहुधा हाच सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी, न्यायाधीशांपेक्षाही त्याचं काम मोठं. पुढे १९५२ साली लोकसभेला ते पडले, राज्यसभेत गेले आणि त्याच मे महिन्यात अंदाजपत्रकावर बोलताना, लष्करावर एवढा खर्च केला तर लोकांच्या शिक्षण-आरोग्याला काय उरतं, हे विचारलं. १९२७ च्या फेब्रुवारीत विचारायला सुरुवात केली ती पंचवीस वर्षांनीही थांबली नव्हती. ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण झालं तेव्हाही ते राज्यसभेचे सभासद होते.

कुणी म्हणेल, एवढं विचारून मिळालं काय? वतनाचं बिल मागे घ्यावं लागलं, खोतीचं बिल तेव्हा झालं नाही, संपाचा काळा कायदा झालाच. खरं आहे. पण खोती १९४९ च्या कायद्याने गेली, महार वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. प्रश्न एकदा सरकारी कागदावर चढला की तो पुसता येत नाही. उत्तर उशिरा येतं, पण विचारलंच नाही तर कधीच येत नाही.

आता आपल्या घरचं बोलतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका गटारीचं काम पुरं झाल्याचं समजलं, आणि गटार तर होती तशीच उघडी. पावसाळ्यात पाणी घरात. आम्ही चौघेजण एका कचेरीत गेलो, तर आज या, उद्या या. तेव्हा २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला. मोजमापाची नोंद आणि बिलाची नक्कल मागितली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी आपल्यातलेच काहीजण बोलले, की कशाला साहेबांच्या वाकड्यात जाता, घरकुलाच्या यादीतनं नाव जाईल. आमच्या घरातही दोन दिवस कुणी धड बोललं नाही. कागद मिळाले. त्यात गटार पूर्ण होती! मग पुन्हा अर्ज, अपील. शेवटी अर्धी गटार झाली. अर्धी अजून राहिली आहे. लई मोठा पराक्रम नव्हे. पण त्या दिवसापासून त्या कचेरीत आम्हाला बसायला खुर्ची देतात.

आम्हाला खंत एवढीच वाटते, की जयंतीच्या मिरवणुकीला जेवढी माणसं येतात त्याच्या दहावा हिस्सा वॉर्डाच्या सभेला येत नाहीत. दलित वस्तीच्या नावाने किती निधी आला, घरकुलं किती मंजूर झाली, किती बांधली, समाजमंदिराच्या छपरावर किती खर्च पडला, हे विचारायला शिक्षण फार लागत नाही. सातवीवाला विचारू शकतो. आणि दुसऱ्याला विचारायचं तर आपली पाटी कोरी पाहिजे. म्हणून आपल्या विहाराचा जमाखर्च दरवर्षी वर्धापनदिनाला सगळ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवावा, कुणी शंका काढली तर रागावू नये, अशी कमिटीला हात जोडून विनंती आहे. पंचशील घेतो त्यात न दिलेलं घेणार नाही असं म्हणतो ना आपण? मग हिशेब दाखवायला लाजायचं कशाला?

पोरांनो, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त शिकलात. मोबाईलवर सगळं सापडतं तुम्हाला. विहाराच्या कपाटात शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड आहेत. त्यातला दुसरा खंड काढा, त्यात कौन्सिलातली भाषणं आहेत. इंग्रजी आहे, आम्हाला शब्दकोश घेऊन एकेक पान दोन-दोन दिवस पुरलं. तुम्ही दर रविवारी वंदनेनंतर एक पान वाचून आम्हा म्हाताऱ्यांना मराठीत सांगा. आणि पुढच्या वॉर्डसभेला उरलेल्या अर्ध्या गटारीचा अर्ज घेऊन जायचं आहे, त्यावर सह्या लागतील. अर्ज विहारात पेटीजवळ ठेवला आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!